‘इथं काय हाय?’: खारेपाटातला एकांत आणि मिनिमल फोटो

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि मध्येच वाजलेला कुकर तेवढा काढला आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? ट्रेनमध्ये असाल तर खिडकीची जागा मिळते का बघा, कारण आज आपण बाहेर बघण्याविषयीच बोलणार आहोत.

गेल्या काही दिवसांत तुमच्या ज्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यात एक वाक्य सारखं ऐकू आलं. ‘दादा, तुम्ही मिनिमल फोटो, मिनिमल फोटो म्हणता, पण आमच्या गावात फोटो काढण्यासारखं काही नाहीच.’ आणि त्याला जोडून दुसरं: ‘एकट्यानं फिरायचं म्हणजे घरचे विचारतात, काय झालंय तुला?’

मला दोन्ही वाक्यं ओळखीची वाटली. मी रोह्याचा आणि माझं निम्मं आयुष्य रोहा-पेण या पट्ट्यात गेलंय. मधली स्टेशनं कोणती? निडी, नागोठणे, कासू. गाडी थांबते, दोन माणसं उतरतात, एक चढतं, बाकी शेत आणि आभाळ. ‘इथं काय आहे?’ हा प्रश्न इथं कुणालाही पडेल. आजचा भाग याच प्रश्नावर आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: मिनिमल फोटो रिकाम्या जागेतून होत नाही. समोर जे आहे त्यातलं काय बाहेर ठेवायचं, हे कळल्यावर होतो. आणि ते कळायला एकांत लागतो, आणि पुढे काय होणार हे माहीत नसताना थांबून राहण्याची तयारी लागते.

मिनिमल म्हणजे नक्की काय?

सोपं करून सांगतो. चौकटीत गोष्टी कमी आणि मोकळी जागा भरपूर. एक झाड आणि पांढरं आभाळ. एक होडी आणि पाणी. एवढं आपल्याला इन्स्टावरून माहीत आहे.

पण कमी वस्तू असल्या की काम सोपं होतं असं नाही, उलट कठीण होतं. वरण-भात-तूप-लिंबू आठवा. चारच गोष्टी. भात कच्चा राहिला तर लपवायला जागाच नाही! बिर्याणीत एखादी गोष्ट खपून जाते, वरण-भातात नाही. मिनिमल फोटोचं तसंच आहे. क्षितिज थोडं तिरकं झालं, कडेला प्लॅस्टिकची पिशवी राहिली, झाड चौकटीच्या मधोमध उगाच उभं राहिलं, की लगेच खटकतं.

जगातली दोन मोठी नावं सांगतो, म्हणजे शोधून बघता येतील. जपानचे हिरोशी सुगिमोतो १९८० पासून समुद्राचे फोटो काढतायत. प्रत्येक फोटोत तेच: वर आभाळ, खाली पाणी, बरोबर मध्ये क्षितिज. होडी नाही, पक्षी नाही, किनारा नाही. तरी एक फोटो दुसऱ्यासारखा नाही, कारण प्रकाश आणि हवा वेगळी. दुसरे इंग्लंडचे मायकेल केन्ना. काळे-पांढरे, चौकोनी फोटो, बर्फातली झाडं, कुंपणं. पहाटे किंवा रात्री, कधी कधी काही तास शटर उघडं ठेवून. शटर उघडं असताना ढग सरकतात, पाणी हलतं, आणि फोटोत नेमकं काय उतरेल ते पुरतं त्यांच्याही हातात नसतं.

पण मला आज जास्त बोलायचंय ते आपल्या रायगडच्या एका नावाबद्दल.

किहीमच्या वाळूवरच्या रेषा

पेणहून अलिबागच्या एसटीत बसलात की वडखळ, पोयनाड करत तुम्ही अलिबागला जाता. तिथून उत्तरेला, समुद्राकाठी किहीम. आज आपण किहीम म्हटलं की वीकेंड आणि कॉटेज असं डोक्यात येतं. पण याच गावात नसरीन मोहमेदी यांचं जाणं-येणं होतं, आणि इथेच १९९० साली त्यांचं निधन झालं.

नसरीन मोहमेदी कोण? जन्म १९३७, कराचीचा. चित्रकलेचं शिक्षण लंडनला, नंतर पॅरिसला. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या वातावरणात वावरल्या, पुढे १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विभागात शिकवलं. त्यांची ओळख आहे ती रेषांच्या चित्रांमुळे. कागद, पेन्सिल, शाई आणि आर्किटेक्ट लोक वापरतात तसली साधनं. बारीक, सरळ, समांतर रेषा. माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. त्या काळात भारतात बहुतेक चित्रकार माणसांच्या आकृती रंगवत होते, आणि ही बाई एकटी रेषा ओढत बसली होती.

आणि त्या फोटोही काढायच्या. समुद्र मागे सरल्यावर ओल्या वाळूवर उरलेल्या खुणा. भिंतीवर पडलेली सावली. फतेहपूर सिक्रीच्या दगडांतल्या कडा. सगळे काळे-पांढरे, आणि बघताना पटकन कळत नाही की हे काय आहे: वाळू आहे, पाणी आहे, की नुसती रेषा?

आता महत्त्वाची गोष्ट. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात लावलेच नाहीत. ते लोकांसमोर आले त्यांच्या मृत्यूनंतर. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१६ च्या मार्चमध्ये आधुनिक कलेसाठी ‘मेट ब्रॉयर’ ही नवी जागा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक प्रदर्शन नसरीन मोहमेदींचं होतं. म्हणजे बघा, आज आपण फोटो काढल्यावर तीन मिनिटांत लाइक्स मोजतो. इथं एका बाईनं वर्षानुवर्षं फोटो काढले, आणि ते कुणी बघेल की नाही याची काही खात्री नव्हती.

शेवटच्या वर्षांत त्यांना मज्जासंस्थेचा आजार होता, हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत चालला होता. तरी कागदावरची रेष सरळच. मी हे ‘वाह, काय प्रेरणा’ म्हणून सांगत नाहीये. त्यात त्रास होता, आणि तो खरा होता. मला त्यातून एवढंच दिसतं की त्यांची रेष ही डिझाइनची स्टाइल नव्हती. सगळं हलत असताना एक गोष्ट स्थिर धरून ठेवायची, हे त्यांचं काम होतं. मिनिमल हा शब्द आपण फार हलक्यात वापरतो असं मला त्यांचं काम बघितल्यावर वाटतं.

त्यांच्याशी जोडलेलं आणखी एक नाव म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. नसरीन मोहमेदींवर त्यांचा मोठा प्रभाव होता असं मानलं जातं. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. बाकी वेळ? बसायचे, बघायचे, विचार करायचे. आपल्या भाषेत याला रिकामटेकडेपणा म्हणतात! पण २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या बसण्यातून काय निघालं ते जगानं बघितलं.

नोकरी नाही, मग बघत बसा

किहीमची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोटोग्राफीची नाही, पण विषयाला धरून आहे. १९३० साली एक तरुण जर्मनीहून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन मुंबईला परतला. आल्यावर कळलं की ज्या नोकरीवर परत यायचं होतं, ती जागाच पैशांअभावी रद्द झाली. दुसरी नोकरी मिळेना. म्हणून तो बायकोबरोबर किहीमला राहायला गेला. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तो रोज बघत बसला. आणि त्यातून त्याला कळलं की नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाच हंगामात एकापेक्षा जास्त माद्यांशी जोडी जमवतो. हे आधी कुणी नीट नोंदवलं नव्हतं. तो तरुण म्हणजे डॉ. सलीम अली.

तुमच्यातले किती जण आत्ता निकालाची वाट बघतायत, कॉल लेटरची वाट बघतायत, मला माहितीय. मी असं मुळीच म्हणणार नाही की बेकारी छान असते. खिशाला भोक पडतं, घरात बोलणी बसतात. मी एवढंच म्हणतोय की अशा काळात डोळ्यांना मोकळा वेळ मिळतो. तो पुन्हा सहसा मिळत नाही.

एकांत आणि एकाकीपणा

हे दोन शब्द वेगळे ठेवूया. एकांत आपण घेतो आणि संपवूही शकतो. एकाकीपणा आपल्यावर येऊन पडतो. फोटोसाठी एकांताचा उपयोग अगदी व्यवहारातला आहे: सोबत चार मित्र असले की तुम्ही त्यांना आवडेल ते टिपता. कुणीतरी म्हणतं, ‘चल रे, झालं ना?’ एकटे असलात की पहिल्या दहा मिनिटांत सगळं नेहमीचं टिपून होतं. मग कंटाळा येतो. फोन खिशात जातो. आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे कधीतरी डोळा बारीक गोष्टी उचलायला लागतो: बांधाची कड किती सरळ आहे, पाण्याचा रंग आभाळापेक्षा किंचित गडद आहे, बगळा पाच मिनिटं हललेला नाही.

पण एकांताऐवजी एकाकीपणा वाटत असेल, झोप लागत नसेल, काहीच नकोसं वाटत असेल, तर त्यावर कॅमेरा हा उपाय नाही. माणसाशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आणि मैत्रिणींनो, मला माहितीय, खाडीवर एकटीनं जाणं तुम्हाला माझ्याइतकं सोपं नाही. मग असं करा: दोघी जा, पण पन्नास पावलांचं अंतर ठेवा आणि अर्धा तास बोलायचं नाही असं ठरवा. किंवा घराची गच्ची. नाहीतर एसटी स्टँडचा रिकामा फलाट. एकांतासाठी दर वेळी निर्जन जागाच लागते असं नाही.

धुकं, भरती आणि ‘माहीत नाही’

आता अनिश्चिततेकडे येऊ. आमच्या भागात ती दोन रूपांत फुकट मिळते: धुकं आणि भरती.

आधी धुकं. थंडीत, आभाळ स्वच्छ असलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमीन गार होते, आणि कुंडलिकेच्या काठी किंवा कापणी झालेल्या भातशेतात ओलावा असतोच. पहाटे तिथे धुकं बसतं. धुक्याचे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं. वस्तू जितकी लांब, तितके मध्ये थेंब जास्त, तितकी ती फिकट. म्हणजे जवळचा आंबा काळा, मागचा ताड करडा, त्यामागचा डोंगर जवळजवळ गायब. जे खोडायचं काम आपण एडिटिंगमध्ये करतो, ते धुकं आधीच करून ठेवतं. फक्त ते येईल की नाही, किती वाजेपर्यंत टिकेल, हे सांगता येत नाही. उठून जावं लागतं. पाचपैकी तीन वेळा काही मिळत नाही. मग गरम चहा पिऊन घरी.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे ओढतो. त्यामुळे धुकं किंवा मीठ, जे खरं पांढरं आहे, ते मळकट येतं. उपाय सोपा: स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोझर लॉक होईल, मग बोट किंचित वर सरकवून उजेड वाढवा. थोडाच, नाहीतर पांढरं नुसतं फटफटीत होईल. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा, क्षितिज सरळ राहतं. एकदम वाइड लेन्स टाळा, कारण ती कडेचं सगळं आत ओढते आणि मग खोडत बसावं लागतं. आणि हो, लेन्स रुमालानं पुसा! खिशातल्या लेन्सवर बोटांचं तेल असतं, त्यानं सगळ्यावर एक खोटं धुकं येतं.

दुसरी, भरती. खाडीचा फोटो दर सहा तासांनी वेगळा असतो, कारण दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीचे पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. हा अंदाज किनाऱ्याचा, खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. जाण्याआधी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघाच. फोटोसाठी हिशेब चालेल, जिवासाठी नाही.

रोह्याच्या बाजूला कुंडलिकेचं आणखी वेगळं. वर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदीची पातळी वाढते. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. आत्ता दिसणारे दगड थोड्या वेळानं पाण्याखाली असू शकतात. त्यामुळे फोटोसाठी पात्रात उतरून मध्ये जाऊन बसू नका. काठावरूनच थांबा, आणि दगड बुडतायत तो फोटो काढा. तोच चांगला येतो.

‘ये पानी नाय, शेत हाय’

आता मी माझ्या एका फोटोबद्दल बोलतो. दोन वर्षांपूर्वी माझं कंत्राटी काम संपलं होतं आणि पुढचं ठरत नव्हतं. त्या दिवसांत मी वडखळजवळच्या खारेपाटात बरंच फिरलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खारेपाट म्हणजे खाडीलगतची सखल जमीन. मातीचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत पावसाच्या पाण्यावर भात पिकवायचं. बांधात उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार: ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला ती बंद राहते.

एका सकाळी मला हवं तसं दृश्य मिळालं. सगळीकडे सपाट, राखाडी पाणी. त्यात एकच लाकडी खांब. वर पांढरं आभाळ. मी चौकट लावून उभा होतो. बांधावरून एक म्हातारे काका आले. म्हणाले, “कसला फोटू कारतंस रे बाला? इथं काय हाय?”

मी म्हटलं, “काका, पाणी आणि तो खांब. छान शांत दिसतंय.”

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ये पानी नाय, शेत हाय आमचा.”

मग त्यांनी सांगितलं. उधाणात बांध फुटला होता. खारं पाणी आत आलं आणि राहिलं. एकदा खारं पाणी शिरलं की जमिनीतलं मीठ पावसानं धुवून जाईपर्यंत भात नीट येत नाही. आणि तेही आधी बांध पुन्हा उभा राहिला तर. तो एकटा खांब त्यांच्या खळ्यातला होता. मी त्यांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाले, “बरा कारलास. पन माजा शेत दिसत नाय यात.”

हे वाक्य माझ्यासाठी मिनिमल फोटोग्राफीचं सगळ्यात मोठं समीक्षण आहे. फोटो मी बदलला नाही. तो तसाच ठेवला, एक प्रिंट काढून त्यांना नेऊन दिली. आणि खाली नाव लिहिलं: ‘शेत, बांध फुटल्यानंतर.’ आता तोच फोटो बघा. पाणी तेच, खांब तोच. पण मोकळी जागा आता मोकळी राहत नाही. बघणारा त्या पाण्यात भात शोधायला लागतो.

रिकामी जागा कुणाची असते?

हा मुद्दा मला तुमच्याशी नीट बोलायचाय, कारण मिनिमल फोटोत एक धोका आहे. आपण माणसं, विजेच्या तारा, कचरा, झोपडी सगळं चौकटीबाहेर ठेवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की ही जागा कुणाचीच नाही. सुंदर, शांत, पडीक. ‘पडीक’ हा शब्द फोटोपुरता राहत नाही, मंडळी. जमिनीबद्दल तो वापरला की पुढे काय होतं, हे रायगडमध्ये कुणाला समजावून सांगायला नको.

पेण-अलिबाग रस्त्यावरच पोयनाडजवळ चरी गाव आहे. १९३३ साली इथल्या कुळांनी खोतीविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा. संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांचा संप म्हणजे काय? शेत कसायचंच नाही. जमीन मोकळी सोडायची आणि स्वतः उपाशी राहायची तयारी ठेवायची. कल्पना करा, १९३५ साली कुणी तिथे उभं राहून त्या शेतांचा फोटो काढला असता, तर तो अगदी परफेक्ट मिनिमल दिसला असता: सपाट जमीन, बांधाची रेष, आभाळ. आणि त्या रिकामेपणाचा अर्थ होता, ‘आम्ही नाही म्हणतोय.’

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण. जपानच्या होक्काइदोत बिएइ नावाचं गाव आहे, तिथे एका शेतात एक कललेलं झाड होतं. लोक त्याला ‘तत्त्वज्ञाचं झाड’ म्हणायचे. फोटोसाठी इतके लोक यायला लागले की शेतात घुसून पीक तुडवायचे. झाड म्हातारंही झालं होतं. शेवटी २०१६ च्या फेब्रुवारीत मालक शेतकऱ्यानं ते पाडलं. हजारो फोटोंत ते झाड एकटं दिसतं. शेतकरी कशातच दिसत नाही.

आपल्याकडे खाडीचे बांध मातीचे असतात. पावसाळ्यात त्यांवरून बुटांनी धावपळ केली की माती सुटते. म्हणून नियम साधा आहे: विचारून जा, कडेनं चाला, उघाडीला हात लावू नका, आणि जागा कुणाची आहे हे माहीत करून घ्या. चौकटीत माणूस ठेवायलाच हवा असं नाही. पण तुम्ही काय बाहेर ठेवलंत, हे तुम्हाला माहीत हवं.

मग फोटो काढायचा कुठे?

काही जागा सुचवतो, म्हणजे ‘काहीच नाही’ ही तक्रार नको.

पेणजवळ हमरापूर, जोहे ही गणपती बनवणारी गावं. पावसाळ्याआधी कारखान्यांत साच्यातून काढलेल्या मूर्ती वाळायला रांगेनं मांडलेल्या असतात. रंग नाही, दागिने नाहीत, डोळे नाहीत. एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या रांगा. कारखानदाराला विचारा, काम चालू असेल तर वाटेत उभे राहू नका. आणि जमलं तर डोळ्यांची आखणी बघा. दोन-चार रेषांत मूर्ती बघायला लागते! हात थरथरला की चेहरा बदलतो. कमी रेषांत किती जबाबदारी असते, हे त्या कारागिराइतकं कुणाला कळणार?

रोह्याला स्टेशन आहे. इथून कोकण रेल्वे सुरू होते आणि मंगळुरूजवळ ठोकूरला संपते, ७४१ किलोमीटर. रिकामा फलाट, एक बाक, एक दिवा. फोटो फलाटावरूनच काढा, रुळांवर उतरायचं नाही. तो गुन्हाही आहे आणि जीवही जातो.

उन्हाळ्यात, पेरणीआधी, राब भाजतात तेव्हा शेतातून उठणारा धुराचा एकच खांब बघा. थंडीत पोपटी लावलेल्या रात्री मडक्याभोवतीचा जाळ आणि बाकी सगळा काळोख. यात मिनिमल नाही असं काय आहे?

या आठवड्याचा अभ्यास

सोपा आहे, पण करून बघा. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. ‘इथं काही नाही’ अशीच निवडा. सलग पाच दिवस, एकाच वेळी, तिथे वीस मिनिटं थांबा. घरी सांगून जा. पहिली दहा मिनिटं फोन खिशात. नंतर जास्तीत जास्त तीन फोटो. पाच दिवसांचे झाले पंधरा. त्यातला एक ठेवा. तो लगेच टाकू नका, आठवडाभर स्वतःकडेच राहू द्या.

आणि त्या एका फोटोखाली एक ओळ लिहा, चौकटीबाहेर काय होतं त्याबद्दल. ‘डावीकडे नळावर भांडण चालू होतं.’ ‘मागे बंद पडलेली भातगिरणी आहे.’ ‘इथे आमची शाळा होती.’ मग आठवड्यानं फोटो आणि ओळ दोन्ही मला पाठवा. मला फोटोपेक्षा ती ओळ वाचायची जास्त उत्सुकता आहे, खरं सांगतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर अशा एका मित्राला पाठवा जो सध्या कशाची तरी वाट बघतोय. पुढच्या भागात सावल्यांबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, लेन्स पुसत राहा. भेटूया!